तापातली आकडी: शिशुवर्गाच्या शिक्षकांनी नेमकं काय करायचं

६ महिने ते ५ वर्षं या वयातल्या दर १०० मुलांमागे २ ते ५ मुलांना कधी ना कधी तापात आकडी येते. पाळणाघर, बालवाडी किंवा शिशुवर्ग सांभाळणाऱ्यांनी हा प्रसंग आपल्यावर येणार असं धरूनच चालावं. तो येतो तेव्हा डॉक्टर जवळ नसतात, पालक नसतात आणि वर्गातली बाकीची मुलं घाबरून बघत असतात. आकडी सुरू झाल्यापासून मूल पालकांच्या किंवा वैद्यकीय पथकाच्या हाती जाईपर्यंत शिक्षकाने काय करायचं, काय टाळायचं आणि का, एवढंच इथे सांगितलं आहे.

आधी थोडं समजून घ्या

लहान मुलांचा मेंदू वाढीच्या टप्प्यात असतो. अंगाचं तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की काही मुलांच्या मेंदूतल्या पेशी एकाच वेळी, ताबा सुटल्यासारखे विद्युत संदेश सोडू लागतात. त्यालाच आपण तापातली आकडी किंवा तापाचा झटका म्हणतो. ताप बहुतेक वेळा साध्या विषाणूंचा असतो: सर्दी, घसा, कानाचं दुखणं, फ्लू. काही लसींनंतर येणाऱ्या तापातही आकडी येऊ शकते. सर्वांत जास्त प्रमाण १२ ते १८ महिन्यांच्या मुलांमध्ये दिसतं. आई, वडील किंवा भावंडांना लहानपणी असा त्रास झाला असेल तर शक्यता वाढते.

शिक्षकांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. कित्येकदा आकडी हीच तापाची पहिली खूण असते. ताप भराभर चढत असतो, कुणाला कळण्याआधीच झटके सुरू होतात आणि कपाळाला हात लावल्यावर अंग तापल्याचं समजतं. त्यामुळे 'आजारी मुलाला शाळेत का पाठवलं' असं पालकांना विचारण्यात अर्थ नसतो. सकाळी घरून निघताना ते मूल खरोखरच बरं असू शकतं.

दिसतं ते असं. मूल हाकेला ओ देईनासं होतं, डोळे वर किंवा एका बाजूला फिरतात, अंग ताठ होतं, दातखीळ बसते. या ताठपणात काही सेकंद श्वास थांबल्यासारखा वाटतो आणि ओठ निळसर होतात. मग दोन्ही हात आणि पाय लयीत झटके देऊ लागतात. तोंडातून लाळ किंवा फेस येतो, कपड्यात लघवी किंवा शी होऊ शकते. बहुतेक आकड्या १ ते ३ मिनिटांत आपोआप थांबतात. मग मूल ढिलं पडतं आणि गाढ झोपतं. बघणाऱ्याला मूल हातचं चाललं असं वाटतं, पण साध्या आकडीत तसं होत नसतं. हे आधीच माहीत असलं की पुढची कामं धीराने करता येतात.

झटके चालू असताना: क्रमाने

१. घड्याळ बघा आणि वेळ मोठ्याने बोला: "अकरा वाजून चार मिनिटं." शेजारच्या व्यक्तीला ती फळ्यावर किंवा हातावर लिहायला सांगा. हे पहिलं काम आहे, कारण पुढचे सगळे निर्णय वेळेवर ठरतात आणि भेदरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांएवढं वाटतं. अंदाजाने सांगितलेली वेळ जवळजवळ नेहमी चुकते.

२. मूल खुर्चीत, बाकावर, घसरगुंडीवर किंवा झोपाळ्यावर असेल तर डोक्याखाली एक हात आणि कमरेखाली एक हात घेऊन त्याला जमिनीवर उतरवा. तिथल्या तिथेच. उचलून ऑफिसकडे किंवा फाटकाकडे धावू नका. झटके देणारं मूल हातातून निसटतं, शिवाय धावणाऱ्याला त्याचा चेहरा दिसत नाही. जागा बदलायची ती धोका असेल तरच: पाण्याची टाकी, जिना, रस्ता, गरम भांडं.

३. भोवतीचं सामान सरकवा. मुलाचे हातपाय चारी बाजूंनी पोचतील त्याहून थोडी जास्त जागा मोकळी हवी. टेबलाचा पाय किंवा भिंत हलवता येत नसेल तर मधे उशी, दप्तर किंवा स्वतःचा गुडघा ठेवा.

४. डोक्याखाली पातळ घडी घातलेलं काहीतरी मऊ सरकवा: स्वेटर, ओढणी, टॉवेल. काहीच नसेल तर तुमचे दोन तळहात. जाड उशी नको. उंच उशीने मान पुढे दुमडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते.

५. मुलाला कुशीवर वळवा. एक हात खांद्यावर, दुसरा कमरेवर ठेवून पूर्ण अंग एकत्र तुमच्या बाजूला फिरवा. तोंड थोडं जमिनीकडे झुकलेलं असावं, म्हणजे लाळ किंवा उलटी गालावरून बाहेर ओघळेल, घशात उतरणार नाही. झटके जोरात असतील आणि अंग वळत नसेल तर बळ लावू नका. जोर ओसरला की वळवा. मात्र उलटी होताना दिसली तर लगेच वळवायचंच.

६. गळ्याभोवतीचं सैल करा. ओळखपत्राची दोरी, टाय, वरचं बटण, स्वेटरची चेन. चष्मा आणि केसांतल्या टोकदार पिना काढा. तोंडाबाहेर आलेला फेस कापडाने बाहेरूनच पुसा.

७. आता हात मागे घ्या आणि बघा. चेहऱ्याचा रंग, छातीची हालचाल, डोळे कुठे वळलेत, झटके दोन्ही बाजूंना सारखे आहेत की एकाच हाताला किंवा पायाला. शांत आवाजात मुलाचं नाव घेत राहा. त्याला ते ऐकू येत असेल-नसेल, तुमच्या आवाजाने बाकीची मुलं आणि सहकारी नक्की सावरतात.

अंगावर जास्तीचे कपडे असतील तर ते उतरवता येतील तेवढे उतरवा, पण ते सातव्यानंतरचं काम आहे. त्यासाठी मुलाला ओढाताण करायची नाही.

दुसरं मोठं माणूस असेल तर ते बाकीच्या मुलांना शेजारच्या वर्गात नेईल आणि पालकांना फोन लावेल. तुम्ही एकटेच असाल तर मुलाजवळून उठू नका. दारातून हाक मारा, किंवा वर्गातल्या समजदार मुलाला शेजारच्या बाईंना बोलवायला पाठवा, आणि फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवा.

काय करायचं नाही, आणि का

या प्रसंगात घाईने केलेली मदत सर्वांत जास्त अपाय करते, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

तोंडात काहीही घालू नका. चमचा नाही, रुमाल नाही, बोट तर अजिबात नाही. 'जीभ गिळली जाईल' ही भीती निराधार आहे. जीभ तोंडाच्या तळाशी घट्ट जोडलेली असते, ती गिळता येत नाही. आकडीत जीभ चावली गेली तर थोडं रक्त येतं आणि ती जखम आपोआप भरते. याउलट बंद जबड्यात जबरदस्तीने काही घातलं तर दात तुटतो, तुटलेला दात किंवा कापडाचा बोळा श्वासनलिकेत जातो, घशाला स्पर्श होऊन उलटी होते. आत घातलेल्या बोटाचा चावा इतका जोरात बसतो की मदत करणाऱ्याचीच मलमपट्टी करावी लागते.

हातपाय दाबून धरू नका. झटके मेंदूतून येतात, हात दाबल्याने ते थांबत नाहीत. स्नायू मात्र ताणले जातात आणि लहान सांधा निखळू शकतो.

पाणी, साखर, औषध, सरबत, काहीही पाजू नका. बेशुद्ध मुलाला गिळता येत नाही. चमचाभर पाणीही फुप्फुसात जाऊ शकतं. तापाचं औषधदेखील याच कारणाने आत्ता नको. पालक फोनवर "आधी औषध पाजा" म्हणाले तरी मूल पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं, आणि हे त्यांना तिथेच स्पष्ट सांगायचं.

तोंडावर पाण्याचे सपकारे, बर्फ, गार पाण्याची आंघोळ, स्पिरिटने अंग पुसणं, यांतलं काही नको. गार पाण्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते आणि आतला ताप उलट वाढू शकतो. स्पिरिट लहान मुलांच्या त्वचेतून आणि वाफेतून अंगात शिरतं. ताप उतरवल्याने चालू आकडी थांबत नाही, त्यामुळे या खटाटोपात जाणारा वेळही फुकट.

नाकाशी उग्र वासाची वस्तू धरू नका. तिचा आकडीवर काहीही परिणाम होत नाही आणि श्वास घेणाऱ्या नाकासमोर अडथळा मात्र होतो.

हलवणं, गालावर चापट्या मारणं, उभं करणं, झटके चालू असताना तोंडाने श्वास देणं, हेही टाळा. जबडा आवळलेला असताना बाहेरून दिलेली हवा आत जात नाही. झटका ओसरला की श्वास बहुधा आपोआप सुरू होतो. तो सुरू झाला नाही तर काय करायचं ते पुढे आहे.

रुग्णवाहिका कधी बोलवायची

आकडी ५ मिनिटांत थांबली नाही तर एक सेकंदही न दवडता. ५ मिनिटं ओलांडलेली आकडी आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते आणि जितका वेळ जाईल तितकी ती औषधालाही दाद देईनाशी होते. म्हणूनच घड्याळ पहिल्या क्रमांकावर आहे.

पुढच्या परिस्थितीत मात्र ५ मिनिटांचीही वाट बघायची नाही, सुरुवातीलाच बोलवायची: मुलाला आयुष्यात पहिल्यांदा आकडी येते आहे, किंवा आधी आली होती की नाही हे तुम्हाला माहीत नाही, मूल ६ महिन्यांहून लहान किंवा ५ वर्षांहून मोठं आहे, झटके अंगाच्या एकाच बाजूला आहेत, आकडी पडण्यामुळे किंवा डोक्याला मार लागल्यावर सुरू झाली, ती पाण्यात आली, मुलाला मधुमेह, हृदयाचा किंवा मेंदूचा आजार आहे, अंगाला ताप नाहीच.

आणि आकडी थांबल्यावरही, जर श्वास घरघरत किंवा ओढून चालला असेल, ओठांचा निळेपणा जात नसेल, दुसरी आकडी आली असेल, किंवा १० ते १५ मिनिटांत शुद्धीवर येण्याची कसलीच चिन्हं दिसत नसतील, तर बोलवायचीच. शंका आली तरी बोलवा. रुग्णवाहिका येईपर्यंत मूल खडखडीत उठून बसलं तर कुणी तुम्हाला दोष देणार नाही.

फोनवर या क्रमाने बोला: शाळेचा पूर्ण पत्ता आणि जवळची ठळक खूण, मुलाचं वय, "तापात आकडी आली आहे, अकरा चारला सुरू झाली, अजून चालू आहे", श्वास चालू आहे की नाही, कोणतं औषध दिलं आहे का. समोरचा माणूस फोन ठेवायला सांगेपर्यंत ठेवू नका. कुणाला तरी फाटकावर उभं करा, फाटकाची कुलपं काढून ठेवा.

आकडी थांबवणारं औषध शाळेत ठेवलेलं असेल तर

ज्या मुलांना पूर्वी लांबलेल्या आकड्या आल्या आहेत त्यांच्यासाठी डॉक्टर कधी कधी मिडाझोलाम लिहून देतात. ते नाकात फवारायचं किंवा गाल आणि हिरडी यांच्या मधे सोडायचं असतं. काही मुलांसाठी गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम असतं. शिक्षकाने हे द्यावं का? चार गोष्टी एकत्र असतील तरच: त्याच मुलाच्या नावाची डॉक्टरांची लेखी सूचना, पालकांची लेखी संमती, शाळेची परवानगी, आणि ते कसं द्यायचं याचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. यांतली एक गोष्ट नसली तरी द्यायचं नाही. एका मुलासाठी आणलेलं औषध दुसऱ्या मुलाला तर कधीच नाही.

मात्रा वजनावर ठरते आणि मुलांचं वजन वाढत असतं, म्हणून लेखी सूचना दर वर्षी नवी करून घ्या. किती मिनिटांनी द्यायचं तेही त्यावर लिहिलेलं असतं, बहुधा ५. गालात द्यायचं असेल तर मूल कुशीवरच राहू द्या, खालच्या गालाची कड किंचित ओढा, सुई नसलेल्या सिरिंजने औषध हिरडीलगत हळूहळू सोडा. एकदम सोडलं तर ते घशात जातं किंवा बाहेर ओघळतं, आणि मग किती पोटात गेलं ते सांगता येत नाही. दातांच्या मधे सिरिंज घालायची नाही. दिल्याची वेळ लिहा. या औषधाने श्वास मंदावू शकतो, त्यामुळे दिल्यानंतर छातीवरची नजर हलवू नका. दुसरी मात्रा स्वतःच्या मनाने देऊ नका. रिकामी सिरिंज किंवा बाटली रुग्णवाहिकेतल्या माणसांना दाखवायला जपून ठेवा.

झटके थांबल्यावर

पुन्हा घड्याळ बघा, थांबल्याची वेळ लिहा. मग लगेच श्वास तपासा. गाल मुलाच्या नाकाजवळ न्या, नजर छातीकडे, आणि १० सेकंद थांबा. हवा गालाला लागते का, छाती-पोट हलतं का.

श्वास नीट असेल तर मूल कुशीवरच राहू द्या. वरचा पाय गुडघ्यात काटकोनात वाकवून पुढे टेकवा, म्हणजे अंग पालथं लवंडणार नाही. वरच्या हाताचा पंजा गालाखाली ठेवा. डोकं किंचित मागे झुकवा. तान्ह्या बाळाचं डोकं जास्त मागे नेऊ नका, त्याची श्वासनलिका मऊ असते आणि मान फार ताणली तरी ती दबते.

श्वास चालत नसेल, किंवा मधेच एखादा आचका येत असेल, तर मुलाला सपाट जमिनीवर उताणं करा, रुग्णवाहिकेला कळवा आणि छातीवर दाब देऊन कृत्रिम श्वास सुरू करा. छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने ३० दाब, मग २ श्वास. १ वर्षाच्या वरच्या मुलाला एका तळहाताच्या टाचेने, तान्ह्यालाही तसंच, किंवा छातीला वेढा देऊन दोन अंगठ्यांनी. वेळ येईल अशी शक्यता फार कमी, पण हे वाचून हाताला वळण लागत नाही. वर्षातून एकदा बाहुलीवर सराव हवाच.

आता ताप मोजा. आधी नाही, कारण झटके चालू असताना थर्मामीटर लावण्याने काही साधत नाही. डिजिटल थर्मामीटर काखेत, टोक कातडीला टेकलेलं, हात छातीशी धरून, आवाज येईपर्यंत. काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सिअस कमी दिसतो. कपाळासमोर धरायचा थर्मामीटर घामाने किंवा उन्हातून नुकतंच आल्याने चुकतो, त्याच्यावर फार विसंबू नका. आकडा वेळेसकट लिहा.

मूल अर्धा-एक तास झोपेल. उठल्यावर बावरलेलं, रडकं, कधी चिडकं असतं, काही वेळ माणसं ओळखत नाही. झोपेतून गदागदा उठवू नका, मात्र दर काही मिनिटांनी श्वास आणि रंग बघत राहा आणि हाक मारून प्रतिसाद हळूहळू सुधारतो आहे का ते पाहा. कपडे खराब झाले असतील तर पडदा किंवा चादर धरून बदला. लहान मुलालाही इतरांसमोर उघडं पडल्याची लाज वाटते.

पाणी कधी? मूल स्वतः बसू लागलं, नाव सांगू लागलं आणि घोटभर पाणी न ठसकता गिळलं, तर. तापाचं औषधही त्यानंतरच, आणि तेही पालकांची लेखी परवानगी असेल तर. पॅरासिटामॉलची मात्रा १५ मिलिग्रॅम प्रति किलो वजन, दोन मात्रांमध्ये किमान ४ तास. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम. बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते वाचल्याशिवाय मोजू नका. एकाच नावाच्या औषधाच्या वेगवेगळ्या तीव्रता बाजारात असतात आणि गोंधळ तिथेच होतो. सकाळी घरी आधीच एक मात्रा दिली होती का, हे पालकांना विचारायला विसरू नका. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नये.

आणि डॉक्टर? मूल खेळायला लागलं तरी त्याच दिवशी तपासणी हवी. ताप कशाचा आहे ते शोधावं लागतं, आणि थोड्या मुलांमध्ये मेंदूच्या आवरणाचा दाह हे कारण असू शकतं. मान ताठ होणं, उजेड सहन न होणं, थांबत नसलेल्या उलट्या, वाढती ग्लानी, तान्ह्याच्या टाळूला फुगवटा, किंवा काचेच्या पेल्याने दाबूनही न पुसट होणारे लालसर-जांभळे ठिपके दिसले तर पालकांची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

आकडीसारखं दिसतं, पण आकडी नाही

ताप चढताना हुडहुडी भरते तेव्हा अंग बारीक थरथरतं, पण मूल तुमच्याकडे बघतं, हाकेला उत्तर देतं, आणि पांघरूण घातलं की थरथर कमी होते. रडता रडता श्वास धरून निळं पडणारं मूलही घाबरवतं. तिथे आधी रडणं किंवा राग असतो, ताप नसतो, आणि मिनिटाभरात मूल सावरतं.

दोन गोष्टी मात्र चुकवून चालणार नाहीत, कारण त्यांचा उपाय उलटा आहे. पहिली, घशात काही अडकणं: मूल खाताना किंवा काही तोंडात घालताना अचानक गप्प होतं, आवाज येत नाही, खोकता येत नाही, मग निळं पडतं. इथे कुशीवर झोपवून वाट बघायची नाही. १ वर्षाच्या वर पाठीवर खांद्यांच्या मधोमध ५ जोरदार थापा, मग पोटावर ५ दाब. तान्ह्याला पोटाऐवजी छातीवर. दुसरी, उष्माघात: कडक उन्हात खेळलेलं किंवा बंद गाडीत राहिलेलं मूल, अंग ४० अंशांच्या वर, शुद्ध हरपलेली, कधी झटकेही. इथे अंग भराभर थंड करणं हाच जीव वाचवणारा उपाय आहे: सावली, कपडे काढणं, अंगभर पाणी, वारा, आणि रुग्णवाहिका. साध्या तापाला गार पाणी नको आणि उष्माघाताला हवंच. मूल त्याआधी कुठे होतं हे विचारलं की बहुतेक वेळा उलगडा होतो.

पालकांना फोन

पहिल्या वाक्यात मूल आत्ता कसं आहे ते सांगा. "ताई, रियान आत्ता माझ्याजवळ कुशीवर झोपलाय, श्वास नीट चालू आहे. अकरा वाजता त्याला तापात आकडी आली होती, दोन मिनिटांत थांबली. रुग्णवाहिका बोलावली आहे, तुम्ही सरळ हॉस्पिटलमध्ये या." 'लवकर या, खूप सिरियस आहे' असं ओरडलं की समोरचं माणूस भरधाव गाडी चालवत निघतं. 'काही नाही, किरकोळ आहे' हेही म्हणू नका. निदान करणं आपलं काम नाही. 'मिरगी', 'फेफरं' हे शब्द तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका.

पुढे पालक विचारतात तेव्हा एवढं ठामपणे सांगता येतं: साध्या, थोड्या वेळच्या आकडीने बुद्धीवर किंवा शिकण्यावर परिणाम होत नाही. तीनपैकी साधारण एका मुलाला ती पुन्हा येते. पहिली आकडी मूल वर्षाचं होण्याआधी आली असेल तर शक्यता आणखी जास्त. तापाचं औषध वेळच्या वेळी दिल्याने मुलाला आराम पडतो, पण आकडी टळते असं दिसून आलेलं नाही. हे शेवटचं पालकांना जरूर सांगा, कारण 'मी औषध द्यायला उशीर केला' म्हणून आई स्वतःला दोष देत राहते.

नोंद आणि व्हिडिओ

त्याच दिवशी कागदावर लिहा: सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, आधी मूल काय करत होतं, दोन्ही बाजूंना झटके की एका, डोळे कुठे, रंग, लघवी-शी, ताप आणि मोजल्याची वेळ, दिलेलं औषध, किती वेळाने ओळखू लागलं. डॉक्टरांना या कागदाचा फार उपयोग होतो. दुसरं मोठं माणूस मोकळं असेल तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओही उपयोगी पडतो, पण मुलाजवळच्या व्यक्तीने फोन हातात घ्यायचा नाही. तो व्हिडिओ फक्त पालकांना द्या, मग स्वतःच्या फोनमधून काढून टाका. शिक्षकांच्या ग्रुपवर तो जाता कामा नये.

वर्गातल्या मुलांना त्याच दिवशी, सोप्या शब्दांत सांगा: "ताप आला म्हणून त्याचं अंग थोडा वेळ हलत होतं. आता थांबलंय. हे तुम्हाला त्याच्यापासून लागत नाही." मुलं खेळताना त्याची नक्कल करू लागली तर रागावू नका, त्यांची भीती तशीच बाहेर पडते. पण ते मूल परत आल्यावर त्याला चिडवलं जात असेल तर पहिल्याच वेळी थांबवा.

आधीची तयारी

प्रवेशाच्या अर्जात तीन प्रश्न घाला: पूर्वी आकडी आली आहे का, किती मिनिटं टिकली होती, घरात कुणाला लहानपणी असं झालं होतं का. मुलाचं वजन दर तिमाहीला लिहा. पालकांचे दोन आणि एका नातेवाइकाचा एक असे तीन चालू फोन क्रमांक हवेत, आणि ते वर्गातच हवेत, ऑफिसच्या कुलूपबंद कपाटात नकोत.

वर्गाच्या पेटीत डिजिटल थर्मामीटर, हातमोजे, मऊ कापडं, पातळ चादर, कपड्यांचा एक जोड, पेन आणि वेळ लिहायचा कोरा तक्ता ठेवा. भिंतीवर सेकंदकाटा असलेलं घड्याळ लावा. थर्मामीटरची बॅटरी महिन्याच्या पहिल्या दिवशी तपासा, औषध ठेवलं असेल तर त्याची मुदतही तेव्हाच.

मुलाजवळ कोण थांबणार, इतर मुलांना कोण नेणार, फोन कोण करणार, फाटकावर कोण उभं राहणार, ही चार नावं ठरवून लिहून ठेवा. प्रत्येक नावापुढे एक पर्यायी नाव हवंच. मदतनीस, बसमधल्या ताई आणि बदली शिक्षक यांनाही सरावात घ्या. बसमध्ये आकडी आली तर गाडी बाजूला थांबवून मुलाला दोन सीटच्या मधल्या जागेत कुशीवर झोपवायचं हे त्यांना आधीच माहीत हवं.

मूल परत शाळेत घ्यायचं ते औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तेव्हा. त्या दिवशी पालकांना पाच मिनिटं थांबवून घ्या, डॉक्टर काय म्हणाले ते विचारा, नवीन लेखी सूचना असेल तर तिची एक प्रत वर्गात, एक बसमध्ये ठेवा आणि जुना कागद काढून टाका.